मूडबिद्री ते वरंग : अर्ध्या दिवसाची वाट

दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या महाराष्ट्रातील जैन कुटुंबांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचे दर्शन घेऊन घाट उतरायचा, धर्मस्थळ आणि वेणूर करून मूडबिद्रीला मुक्काम टाकायचा, दुसऱ्या दिवशी कारकळ पाहून परतीला लागायचे. बसच्या वेळापत्रकात प्रत्येक स्थळाच्या वाट्याला पाऊण तास येतो. चपला काढणे, दर्शन, छायाचित्र, चपला घालणे आणि चालकाचा भोंगा, इतक्यात तो पाऊण तास संपतो. मधल्या रस्त्याचे मात्र कोणालाच काही आठवत नाही, कारण त्या वेळी बसमध्ये सारेच पेंगत असतात.

वस्तुतः तो मधला रस्ताही पाहण्याजोगा आहे. मूडबिद्रीहून कारकळ अठरा किलोमीटर आणि कारकळहून हेब्रीच्या दिशेने वरंग सुमारे पंचवीस किलोमीटर. जाऊन-येऊन पंच्याऐंशीच्या आसपास अंतर भरते. जांभ्या दगडाचे तांबडे बांध, सुपारीच्या सरळ उंच बागा, काजूची पसरट झाडे, रबराचे मळे, मध्येच दाट रान आणि पूर्वेला सतत सोबत करणारी सह्याद्रीची निळसर रांग, असा हा मुलूख आहे. चढउतार पुष्कळ असले तरी अवघड घाट एकही नाही. सूर्योदयानंतर निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येते. ज्याने नुकताच परवाना हाती घेतला आहे आणि ज्याला शहराच्या गर्दीबाहेर हात बसवायचा आहे, अशा दुचाकीस्वाराला याहून सौम्य वाट दक्षिण यात्रेत मिळणे कठीण.

काळ मात्र नीट निवडावा लागतो. पावसाळ्यात या भागात आभाळ फाटल्यासारखे पाणी पडते. रस्त्यावर शेवाळ धरते, बेडूक, गोगलगायी आणि पैसा किडे डांबरावर येतात. साधूंनी चातुर्मासात विहार का थांबवायचा याचे उत्तर ग्रंथात शोधण्याची गरज नाही. ते अशा रस्त्यावर आपोआप मिळते. कार्तिकी पौर्णिमेनंतर माघापर्यंतचे दिवस उत्तम. हवा कोरडी असते, रान अजून हिरवे असते आणि सकाळी सातच्या सुमारास ऊन रस्त्यावर उतरू लागते.

अशाच एका पौषातल्या सकाळी सोलापूरच्या सुकामेव्याच्या एका पेढीतील काका आणि पुतण्या मूडबिद्रीहून निघाले. घरातील बाकीची मंडळी यात्रीनिवासात थांबली होती. मूडबिद्री-कारकळ परिसरात काजूचे कारखाने आहेत आणि त्यांतील एका व्यापाऱ्याशी या पेढीचा जुना व्यवहार होता. त्याने आपल्या घरच्या दोन मोटारसायकली दिल्या होत्या, दोन्ही सव्वाशे सीसीच्या आतल्या. काकांनी आदल्या संध्याकाळी नोंदणीपुस्तक, विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला पाहून घेतला, टायरमधली हवा तपासली, साखळीचा ढिलेपणा पाहिला आणि मगच किल्ल्या घेतल्या. उसन्या वाहनाची कागदपत्रे उसनी नसतात, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही.

मुलगा एकोणीस वर्षांचा. परवाना मिळून दोन महिने झालेले. इतर घरांत ही आनंदाची बाब असते. या घरात तिची चर्चा हळू आवाजात झाली होती. अकरा वर्षांपूर्वी मुलाचे वडील वसुलीच्या दौऱ्यावरून दुचाकीने परतत असताना महामार्गावर उभ्या असलेल्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रेलरवर आदळले होते. सूर्यास्तापूर्वी जेवायचे त्यांचे व्रत होते आणि ते सहसा मोडत नसे. त्या दिवशी दुकानाच्या कामात उशीर झाला होता, दिवस लहान होते आणि घर अजून बावीस किलोमीटर दूर होते. त्यानंतर त्या घराच्या दारात दुचाकी उभी राहिली नाही. मुलाच्या आईने रात्रिभोजनाचा त्याग सोडला नाही. परंतु एक नवा नियम घरात घातला. बाहेर असलेल्याला उशीर झाला तर त्याने उपवास करावा, घाई करू नये.

आता पेढीला वसुलीसाठी माणूस हवा होता आणि मुलाला दुचाकी हवी होती. काकांनी सुचवले की पहिली मोठी फेरी सोलापूरच्या महामार्गावर नको. यात्रेला जातोच आहोत, तर शांत रस्त्यावर एक सकाळ घालवू. आईने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊजी, जा तुम्ही. फक्त परत येण्याची वेळ त्याला सांगू नका. वेळ सांगितली की माणूस घड्याळाकडे बघून चालवतो." तरीही घरच्यांनी अंदाज विचारला, तेव्हा काकांनी पावणेदोन असे सांगितले.

हजार खांब आणि ताडपत्रे

मूडबिद्रीला दक्षिणेची जैन काशी म्हणतात. गावात अठरा बसदी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे त्रिभुवनतिलकचूडामणी बसदी, लोकांच्या तोंडी 'साविर कंबद बसदी', म्हणजे हजार खांबांची. ती १४३०च्या सुमारास उभी राहिली. मूळनायक चंद्रप्रभ, पंचधातूचे. खांबांची नक्षी एकासारखी दुसरी नाही, असे तिथे अभिमानाने सांगतात. कोणीही दोन खांब निवडून तुलना करून पाहावी. उतरत्या छपरांचे एकावर एक मजले पाहून उत्तरेकडच्या माणसाला हे जैन मंदिर वाटतच नाही. पण इथला पाऊस एकदा अनुभवला की हा उतार समजतो. शिखर बांधण्यापेक्षा पाणी वाहून जाणे इथे अधिक महत्त्वाचे होते.

काका-पुतण्याने या बसदीचे दर्शन आदल्या संध्याकाळीच घेतले होते, म्हणून सकाळचा वेळ मोकळा होता. निघण्यापूर्वी ते फक्त गुरुबसदीत गेले. पार्श्वनाथांच्या या जुन्या बसदीचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे, आणि महाराष्ट्राचेही तिच्यावर थोडे. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमात बांधले. नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी त्यावर धवला टीका लिहिली. या ग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रीय प्रती शतकानुशतके मूडबिद्रीतच राहिल्या. त्यांचे दर्शन होई; वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या प्रतींची नक्कल व्हावी म्हणून खटपट केली. हे दोघेही व्यापारी होते. मंगळूरला तेव्हा रेल्वे नव्हती. ती १९०७ मध्ये आली. ताडपत्रे गावाबाहेर नेता येत नव्हती, म्हणून लेखनिकांना इथेच बसवून पानामागून पान उतरवावे लागले आणि या कामाला वर्षांमागून वर्षे लागली. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला खंड अमरावतीहून १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एकूण सोळा खंड निघाले.

हिराचंद शेठजींचे चिरंजीव वालचंद पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत गेले. वडिलांनी वर्षानुवर्षे चालणाऱ्या लेखनाला पैसा उभा केला आणि मुलाने देशाला वेग दिला. सोलापूरकर पुतण्याला ही गोष्ट काकांनी बसदीच्या पायरीवर सांगितली, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बोट जाईल इतकाच सैल आहे ना, हे तपासून ते निघाले.

चार हात जमीन

निघताना मुलाचा फोन आईकडे ठेवण्यात आला. शिकाऊ हाताच्या खिशात फोन नको, हा काकांचा नियम. पुढे मुलगा, मागे काका. मागच्याने पुढच्याच्या आरशात दिसत राहायचे आणि पुढच्याने दर दहा किलोमीटरला थांबायचे.

जैन घरातल्या मुलाला दुचाकी शिकवताना एक सोय असते. ईर्यासमितीचा अर्थ त्याला पाठशाळेत शिकवलेला असतो. साधूने चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, म्हणजे जीव पायाखाली येणार नाही. साधू वाहनात बसत नाहीत आणि वाहन चालवणाऱ्याला ईर्यासमिती साधली असे म्हणणे हा शब्दांचा खेळ होईल. चाकाखाली जीव जातात. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, म्हणून त्याने निदान संकल्पी हिंसा सोडावी आणि उरलेली यत्नाने कमी करावी, एवढेच शास्त्र त्याच्याकडून मागते. पण त्या नियमातला हिशेब मात्र रस्त्यावर तंतोतंत लागू पडतो. जेवढी जमीन स्वच्छ दिसते, तेवढ्यात थांबता आले पाहिजे.

काकांनी तो हिशेब दुकानाच्या भाषेत मांडला होता. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. साठच्या वेगाने जवळजवळ सतरा. समोर काही दिसल्यावर हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद लागतोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच सहा मीटरचा फरक पडला, आणि थांबण्याचे अंतर तर त्याहूनही अधिक वाढते. "हे व्याज आहे," ते म्हणाले होते. "आधी कापून घेतलं जातं. मुद्दल नंतर."

मूडबिद्री ते कारकळ हा रस्ता रुंद आहे आणि त्यावर वाहने बरीच असतात. किनाऱ्याकडच्या खासगी बसगाड्यांना वेळेचे बंधन असते. त्या जोरात येतात आणि लांबून कर्णा वाजवतात. नवख्याने त्यांच्याशी मानापमान करू नये. आरशात बस दिसली की डावीकडे सरकावे, वेग कमी करावा आणि तिला जाऊ द्यावे. वळणांवर जांभ्याची लाल माती आणि बारीक खडी साचलेली असते. वळणात शिरण्यापूर्वीच वेग उतरवावा. वळणाच्या पोटात पुढचा ब्रेक दाबू नये. नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी खड्ड्यातच जाते. जिथे जायचे तिथे पाहावे. हे सारे मुलाला तोंडपाठ होते. तरी पहिल्या दहा किलोमीटरांत त्याचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते आणि मूठ इतकी आवळलेली की थांबल्यावर बोटे उघडताना दुखली. दुसऱ्या थांब्यावर खांदे खाली आले होते.

उभे राहणारे बाहुबली

कारकळच्या बाहुबलींकडे जाण्यासाठी खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. गाड्या खाली लावून पायीच जावे, कारण चढताना मूर्ती आधी दिसत नाही आणि मग एकदम दिसते. सुमारे बेचाळीस फूट उंचीची ही एकपाषाणी मूर्ती भैररस घराण्यातील वीरपांड्य राजाने १३ फेब्रुवारी १४३२ रोजी प्रतिष्ठित केली. श्रवणबेळगोळची मूर्ती डोंगरमाथ्याच्या जागच्याच खडकातून घडवलेली आहे, असे मानतात. कारकळची मात्र दुसरीकडे घडवून या टेकडीवर आणली गेली. एवढे वजन या गुळगुळीत उतारावरून वर चढवताना घाई कोणी केली नसेल, हे उघड आहे.

बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले आणि वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत चढल्या, ही कथा जैन घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मूर्तीवर त्या वेली स्पष्ट दिसतात. मुलाने थोडा वेळ वर पाहिले आणि मग मागे वळून दूरच्या डोंगररांगेकडे पाहिले. बाहुबलींना इथून जे दिसते, ते बसच्या पाऊण तासात पाहण्याचे राहून जाते.

समोरच्याच छोट्या टेकडीवर चतुर्मुख बसदी आहे. ती १५८६ची. काळसर ग्रॅनाइटची, एकशे आठ खांबांची आणि चारही दिशांना सारखीच. कोणत्याही दारातून आत पाहिले तरी अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत हे तीनच तीर्थंकर समोर उभे दिसतात. या बसदीला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. यात्रेकरू सहसा एका दाराने दर्शन घेऊन परत फिरतो. सवड असेल तर चारही दारांशी जाऊन यावे. प्रत्येक दाराशी उजेड वेगळा असतो आणि मूर्तींच्या चेहऱ्यांवर तो वेगळा पडतो.

पावणेदहाला कारकळ सोडले, तेव्हा नऊच्या आत वरंग गाठायचे हा मूळ बेत केव्हाच मागे पडला होता. त्याची आठवण दोघांनीही काढली नाही.

पाण्यातली बसदी

कारकळ ते वरंग हा या वाटेचा सर्वांत सुंदर भाग. वाहने विरळ होतात, रस्ता अरुंद होतो आणि झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते. रबराच्या मळ्यांतून जाताना प्रत्येक खोडाला बांधलेली वाटी दिसते. उन्हाचे पट्टे आणि सावलीचे पट्टे आळीपाळीने येतात. डोळे सरावण्याआधी सावलीतला खड्डा दिसत नाही, म्हणून अशा ठिकाणी वेग आणखी थोडा कमी ठेवावा. वाडीतली कुत्री आणि गाई रस्ता आपलाच समजून उभ्या असतात. त्यांचा समज खोटा म्हणता येत नाही.

वरंग हे लहानसे खेडे आहे. भातखाचरे, त्यामागे सुपारी, त्यामागे रान आणि सगळ्यामागे सह्याद्री. मध्ये एक विस्तीर्ण तळे आणि तळ्याच्या मधोमध केरे बसदी. 'केरे' म्हणजे तळे. तिथे जायला पूल नाही. काठावरून छोट्या नावेने जावे लागते. आत चार दिशांना चार तीर्थंकर आहेत आणि पद्मावती देवीला इथे विशेष मान आहे. नाव वल्ह्याने चालते. ती दुसऱ्या काठाला असेल तर वाट पाहावी लागते. हाक मारून उपयोग नाही, कारण पलीकडची माणसे दर्शन आटोपल्याशिवाय निघत नाहीत.

त्या दिवशी नाव पलीकडेच होती. अर्धा तास दोघे काठावर बसले. पाण्यात कमळांची पाने होती आणि बसदीचे उतरते छप्पर उलटे दिसत होते. नावेत चढताना हेल्मेटे काठावरच ठेवली. पाण्यावर गेल्यावर इंजिनाचा जो आवाज दोन तास कानांत घुमत होता, तो थांबला. मुलगा म्हणाला, "काका, आत्ता ऐकू येतंय."

"काय?"

"काहीच नाही."

दर्शनानंतर काठावरच्या सावलीत दोघांनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. इथल्या उपाहारगृहांत सांबारात कांदा असतो. जैन प्रवाशाने डबा बरोबर ठेवलेला बरा. जेवताना मुलाने पुढच्या रस्त्याकडे पाहिले. वरंगहून हेब्री आणि सोमेश्वर ओलांडले की आगुंबेचा घाट सुरू होतो. या घाटात चौदा तीव्र वळणे आहेत आणि दुचाकीस्वारांत त्यांची कीर्ती मोठी आहे. काकांना वाटले, आता तो विचारणार. त्यांनी नकाराचे वाक्यही जुळवून ठेवले होते. मुलगा डबा बंद करीत म्हणाला, "आगुंबे पुढच्या वर्षी. तोपर्यंत वळणं येतील मला." काकांचे वाक्य तसेच राहिले.

अनोळखी क्रमांक

परतीच्या वाटेवर, वरंग सोडून बराच वेळ झाल्यावर, काकांच्या मागच्या चाकातली हवा गेली. दोन्ही बाजूंना रबराचे मळे. काकांच्या फोनला रेंज नव्हती. जाताना सहा-सात किलोमीटरवर, एका तिठ्यावर पंक्चरचे दुकान पाहिल्याचे मुलाला आठवत होते. दोघांपैकी एकाने गाडीपाशी थांबायचे आणि एकाने जायचे. काका स्वतः मुलाची गाडी घेऊन जाऊ शकले असते. तसे करायला त्यांनी हातही पुढे केला होता. पण अनोळखी रानात मुलाला एकटे थांबवावे की त्याला एकटे जाऊ द्यावे, याचा विचार करता करता त्यांनी हात मागे घेतला. त्यांनी आपले हेल्मेट काढून मुलाकडे दिले.

"हे कशाला?"

"येताना मागं मिस्त्री बसेल. त्याचंही डोकं आहे."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "तिथून आईला फोन लाव. दुसऱ्याच्या फोनवरून लागेल. पहिलं वाक्य 'मी ठीक आहे' हे असू दे. बाकीचं नंतर."

मुलगा निघाला. आरशात आता कोणी नव्हते. सकाळपासून शिकलेले सारे त्या सहा-सात किलोमीटरांत त्याने एकट्याने केले. वळणापूर्वी वेग उतरवला, बस आली तेव्हा डावीकडे सरकला, सावलीच्या पट्ट्यात हात सैल केला. दुकान उघडे होते. सोलापूरकराला कन्नड परके नसते. मिस्त्रीची बोली वेगळी होती, पण काम समजले आणि त्याने आपला फोन दिला.

यात्रीनिवासात आईच्या फोनवर अनोळखी क्रमांक उमटला, तेव्हा पावणेदोन वाजून गेले होते. अकरा वर्षांपूर्वीची बातमीही अनोळखी क्रमांकावरूनच आली होती. शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला. आईने तो स्वतःच उचलला.

"आई, मी ठीक आहे. काका ठीक आहेत. पंक्चर झालंय फक्त."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "होऊ दे उशीर. ताट झाकून ठेवते. गार झालं तरी चालेल."

मिस्त्री हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला. हेल्मेट घालायला त्याने आधी हसून नकार दिला आणि मुलगा गाडी सुरूच करीत नाही असे पाहून मग घातले. वाटेत दोनदा त्याने खांद्यावर थाप मारून जोरात चालवण्याची खूण केली. त्याला परत दुकान गाठायचे होते. काटा चाळिसावर होता आणि चाळिसावरच राहिला. रबराच्या मळ्यात काका रस्त्याच्या कडेला उभे होते. लांबून एक गाडी आणि तिच्यावर दोन हेल्मेटे दिसली, तेव्हा ते खाली बसले.

ट्यूब दुरुस्त झाली, मिस्त्रीला पैसे देऊन तिठ्यावर सोडले आणि दोघे तीन वाजून वीस मिनिटांनी मूडबिद्रीला पोचले. सूर्यास्ताला अजून बराच अवकाश होता. आई यात्रीनिवासाच्या पायरीवर बसली होती. तिने घड्याळाचा विषय काढला नाही.

"किती वेळा थांबलास?" तिने विचारले.

मुलाने बोटांवर मोजले. मूडबिद्री ते कारकळ दोनदा, कारकळला, वरंगच्या वाटेवर दोनदा, तळ्याकाठी, पंक्चरला, दुकानावर, तिठ्यावर. "नऊ," तो म्हणाला.

"तुझे बाबा थांबत नसत," ती म्हणाली. "सोलापूर ते पुणं कुठेही न थांबता गेलो, असं कौतुकानं सांगायचे." एवढे बोलून ती ताट वाढायला आत गेली.

मूडबिद्रीहून वेणूर वीस किलोमीटरवर आहे. तिथे १६०४ मध्ये प्रतिष्ठित झालेली पस्तीस फुटांची बाहुबलींची मूर्ती आहे, आणि या वाटेवर निघालेल्याने दुसऱ्या सकाळी तिकडे जावे. रस्ता तसाच, झाडी तशीच आणि अंतरही जवळपास कारकळच्या वाटेइतकेच. मुक्कामाच्या बाकी मंडळींसाठी वेणूरला जायची गाडी सातला निघणार होती. रात्री निजण्यापूर्वी आईने काकांच्या खोलीचे दार ठोठावले.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही उद्या गाडीतून या. तुमचं हेल्मेट मला बसतं का, बघते."